उदक, वोडका आणि बालीगंजचा चखणा

मागच्या काही भागांत आपण चहा, कॉफी आणि ताडी-माडीबद्दल बोललो. आज वोडका. आणि वोडकाइतकंच, किंबहुना जास्त, तिच्याबरोबर काय खातात त्याबद्दल. मी बोलतोय कोलकात्याच्या बालीगंजमधून. इथे राहून मला बरीच वर्षं झाली. मासळी घ्यायला गडियाहाटच्या बाजारात जातो, तेव्हा अजूनही मनातल्या मनात हिशेब मराठीत चालतो. आजच्या भागातली बरीचशी सामग्री त्याच दोन-तीन किलोमीटरांतली आहे.

सुरुवात शब्दापासून. रशियन भाषेत पाण्याला ‘वोदा’ म्हणतात आणि त्याला लाडाचा ‘का’ लागला की ‘वोदका’. म्हणजे इवलंसं पाणी. आता आपल्याकडचा ‘उदक’ आठवा. हात धुवून उदक सोडतो, तेच. हे उगाच जुळवलेलं साम्य नाही. वोदा, उदक आणि इंग्रजीतला वॉटर हे एकाच जुन्या मुळाचे फाटे आहेत, असं भाषाशास्त्र सांगतं. तेव्हा पूजेच्या पळीतलं उदक आणि दुकानातली वोडका ही शब्दांच्या नात्याने चुलत भावंडं. आजी असत्या तर हा भाग त्यांनी इथेच बंद केला असता.

दुसरा शब्द ‘झाकूस्का’. रशियन माणूस वोडकाबरोबर जे खातो ते. मुळात अर्थ घोटामागून घेतलेला चावा. आपल्या ‘चखणा’ची जात तीच, चाखण्यासाठी घेतलेलं काहीतरी. पण एक फरक आहे. आपल्याकडे चखणा म्हणजे बशीतले शेंगदाणे नाहीतर शेव, जेवणाआधीचा टाइमपास. रशियन घरात झाकूस्का हेच मुख्य प्रकरण. खारवलेला हेरिंग मासा, त्यावर कच्च्या कांद्याच्या चकत्या, खाऱ्या पाण्यात आंबवलेल्या काकड्या, आंबट कोबी, राईची काळी पाव, डुकराच्या खारवलेल्या चरबीचे पातळ काप. वोडका गार, छोट्या पेल्यात, एका दमात. आणि लगेच चावा. न खाता पिणारा माणूस तिथे दर्दी मानला जात नाही, दारुडा मानला जातो.

या जोडीमागे कारण आहे. चांगल्या वोडकाला स्वतःची चव जवळजवळ नसते. ती लाकडाच्या पिंपात मुरत नाही, उलट कोळशातून गाळून तिच्यातले वास काढून टाकतात. कोळसा असे वास शोषतो हे पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या तोवी लोवित्स या रसायनतज्ज्ञाने १७८५ च्या सुमारास दाखवलं. म्हणजे तोंडात येते ती फक्त धग. तिला अडवायला मीठ, आंबट आणि चरबी ही तीन माणसं लागतात. तेलकट मासा जिभेवर जो थर धरतो तो मद्यार्काने सुटतो आणि पुढचा घास पुन्हा नवा लागतो. आणि पोटात स्निग्ध अन्न असलं की मद्य रक्तात हळूहळू उतरतं. हळूहळू म्हटलं, उतरत नाही असं नाही. हा फरक लक्षात ठेवा.

जाता जाता एक भाकड गोष्ट मोडून काढू. वोडकात ४० टक्के मद्यार्क असावा हे मेंदेलेयेवने शोधलं, असं सर्रास सांगतात. मूलद्रव्यांची सारणी मांडणारा तोच तो मेंदेलेयेव. त्याने १८६५ साली मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणावर प्रबंध लिहिला हे खरं. पण रशियन सरकारने ४० चा आकडा त्याआधीच, १८४३ मध्ये ठरवला होता, तेव्हा हा मेंदेलेयेव नऊ वर्षांचा होता. जुनं प्रमाण साधारण ३८ होतं, ते कर आकारायला सोयीचं म्हणून ४० केलं. विज्ञान नव्हे, महसूल! आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ असा विचित्र आकडा दिसतो, त्याचंही मूळ असंच. इंग्रजांच्या जुन्या मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे ७५ भाग म्हणजे ४२.८. इंग्रज गेले, त्यांचं माप लेबलावर राहिलं.

आता कोलकाता. इथे विलायती दारू आणि चखणा यांची पहिली गाजलेली जोडी वोडकाची नाही, ब्रँडीची आहे. १८४० च्या दशकात हिंदू कॉलेजात शिकणारे राजनारायण बसू यांनी आत्मचरित्रात ते मोकळेपणाने लिहून ठेवलंय. (हे अरविंद घोषांचे आजोबा, आईकडून.) ही मुलं गोलदिघीत, म्हणजे आजच्या कॉलेज स्क्वेअरमध्ये जमायची, कुंपण ओलांडून बाहेरच्या दुकानातून शीग कबाब आणायची आणि ब्रँडी प्यायची. दारू पिणं आणि मुसलमानाच्या हातचं खाणं, दोन्ही एका झटक्यात. त्यांना तो समाजसुधारणेचा भाग वाटत होता. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी मुलाला मारलं नाही, संध्याकाळी आपल्यासमोर बसवलं, पुलाव-कालिया वाढला आणि मोजून पेला दिला. बाहेर पिऊ नकोस, इथे जेवताना घे. उपाय शहाणपणाचा होता, पण मुलगा बाहेरही पीतच राहिला.

त्या पिढीतली कितीतरी हुशार माणसं दारूने गेली. प्यारीचरण सरकार या शिक्षकाने १८६३ मध्ये कोलकात्यात मद्यपानविरोधी सभा काढली. दीनबंधू मित्रांचं ‘सधवार एकादशी’ हे नाटक १८६६ चं. त्यातला निमचाँद इंग्रजी साहित्य कोळून प्यालेला, बोलायला लागला की ऐकत राहावं, आणि पूर्ण बुडालेला. मराठी माणसाला सुधाकर आठवणारच. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर. मधे अर्धशतक आहे, पण दुःख एकच. माझं मत विचाराल तर बंगाली नाटककाराने दारुड्याला हसवत मारलं, आपल्याने रडवत. कोणाचा परिणाम जास्त झाला सांगता येत नाही, गुत्ते दोन्हीकडे चालूच राहिले.

बालीगंजला येऊ. इथे गुरुसदय दत्त रोड नावाचा एक रस्ता आहे. त्याचं जुनं नाव स्टोअर रोड. सत्येंद्रनाथ ठाकूर निवृत्तीनंतर या रस्त्यावर राहायला आले. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ, आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ मध्ये ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. म्हणजे बालीगंजच्या या रस्त्यावर मराठी माझ्या कितीतरी आधी येऊन गेली होती.

त्याच रस्त्यावर आज कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब आहे. क्रिकेट क्लबाचा जन्म १७९२ चा. त्यात पुढे मिळालेल्या फुटबॉल क्लबाची एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. १८७३ मध्ये साहेबांनी इथे रग्बीचा क्लब सुरू केला. सभासदांना बारमध्ये दारू फुकट होती, त्यामुळे सभासद भरपूर. मग फुकटचा बार बंद झाला आणि सभासद आटले. खेळाडू पोलो-टेनिसकडे वळले हेही कारण होतं, पण बार बंद झाल्याचं कारण क्लबाच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. शेवटी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक केला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला तो कलकत्ता कप. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात.

पण या क्लबांच्या टेबलाशी बसायचं कोणी? खरा प्रश्न तो होता. पेला भरून आणणारा खानसामा भारतीय, समोर बसणारा मात्र नाही. १८२७ च्या बेंगॉल क्लबात स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं भारतीय सभासद नव्हते. म्हणून १९०७ मध्ये दोघांना एकत्र बसता यावं असा कलकत्ता क्लब निघाला, तोही पुरुषांचाच. या कोंडीत एक रशियन माणूस शिरला आणि इथे आपल्या गोष्टीत रशिया खऱ्या अर्थाने येतो.

बोरिस लिसानेविच. जन्म १९०५, ओडेसा. क्रांतीत घर गेलं, बॅलेनर्तक झाला, पॅरिसला पोचला, द्यागिलेवच्या नावाजलेल्या रशियन बॅलेत नाचला. पुढे बायकोबरोबर नाचाचे दौरे करत आशियात आला आणि कोलकात्यात रमला. १९३६ च्या डिसेंबरात त्याने ‘फिलिप्स फॉली’ नावाच्या एका जुन्या हवेलीत ‘३०० क्लब’ काढला. सभासद तीनशे, गोरे आणि भारतीय बरोबरीने, बायकांनाही प्रवेश, स्वयंपाकघर रात्रभर चालू, पदार्थ रशियन. राजे, गिरणीमालक, वैमानिक, सगळे तिथे. महायुद्धाच्या काळात नेपाळचे राजे त्रिभुवन तिथेच बोरिसच्या ओळखीचे झाले. त्या ओळखीवर १९५१ नंतर बोरिस काठमांडूला गेला आणि तिथलं पहिलं नाव घेण्याजोगं हॉटेल, ‘रॉयल’, चालवलं. दारू गाळायच्या परवान्यावरून सरकारशी बिनसलं आणि काही महिने तुरुंगात गेला. मग १९५६ मध्ये राजे महेंद्र यांच्या राज्याभिषेकाच्या पाहुण्यांना जेवू घालायला त्यालाच बोलावलं! १९८५ मध्ये तो काठमांडूत वारला. त्याच्या पद्धतीचं बीटाचं बोर्श्त सूप तिथे अजून लोक मागून पितात. इकडे कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या ‘मोकाम्बो’त चिकन आ ला किएव मिळतं, काटा टोचला की आतलं लोणी उडतं. देश गमावलेल्या माणसांनी टेबलं मात्र जागोजाग मांडली.

नंतरचा रशिया सरकारी होता. ३० नोव्हेंबर १९५५ ला ख्रुश्चेव आणि बुल्गानिन इथे आले तेव्हा रस्त्यावर एवढी माणसं उतरली, की पाहुण्यांना मोटारीतून काढून पोलिसांच्या बंद गाडीतून न्यावं लागलं. पुस्तकं स्वस्तात आली, गोर्की सदन झालं. बाटली मात्र मध्यमवर्गाच्या घरी आली ती बरीच उशिरा, देशी कारखान्यांनी वोडका करायला घेतल्यावर. व्हिस्कीला वास येतो, हिला कमी, एवढंच तिचं पहिलं भांडवल.

आणि मग बंगाल्याने तिला आपला चखणा लावला. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण ही जोडी मला रशियन जोडीच्या तोडीची वाटते. रशियाचा हेरिंग आणि बंगालचा इलिश हे एका मोठ्या कुळातले मासे. दोघेही तेलकट, दोघेही काटेरी. आपल्या किनाऱ्यावर इलिशला पाला म्हणतात. कोलकात्याच्या क्लबांतल्या स्वयंपाक्यांनी या इलिशचे काटे काढून तो धुरावर धरला आणि ‘स्मोक्ड हिल्सा’ केला. साहेबाला काटे चालत नव्हते म्हणून निघालेली युक्ती, पण गार वोडकाशेजारी ठेवली की वाटतं, जणू याचसाठी केली होती. दुसरं, भेटकीचा फिश फ्राय आणि कासुंदी. कासुंदी म्हणजे आंबवलेल्या मोहरीची चटणी, नाकात जाणारी. तिसरा गंधराज लिंबू. जाड सालीचा, लांबट, रस कमी पण वास खोलीभर. या वासाचं तेल सालीत असतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतं. वोडकाला स्वतःचा वास नसल्यामुळे ती गंधराजचा वास पूर्ण उचलते. व्हिस्कीत हे होणार नाही. मराठी घरात करून बघायचं तर भाजलेला सुका बोंबील, वर कच्चा कांदा आणि लिंबू. हेरिंगची आठवण काढायची गरज पडणार नाही.

शहराच्या मध्यात ‘छोटा ब्रिस्टल’ नावाचा जुना बार आहे. तिथे फेरीवाले आत फिरतात, चणे, आल्याचे काप, तळलेलं काहीबाही. पैसे कमी असले तरी घोटामागे चावा मिळतो.

पण हेही ज्यांना मिळत नाही त्यांचं काय? बालीगंज जंक्शनवरून सियालदहची दक्षिणेकडची लोकल जाते. घरकामाच्या बायका, भाजीवाले, मजूर तिने रोज सकाळी येतात. त्यातला डायमंड हार्बरचा फाटा संग्रामपूर स्टेशनवरून जातो. डिसेंबर २०११ मध्ये त्या भागात दिवसभराचं काम संपवून माणसांनी गावठी दारू घेतली. तिच्यात मिथेनॉल होतं. १७० पेक्षा जास्त माणसं मेली. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये हेच झालं, तिथे शंभराहून जास्त.

मिथेनॉलही वोडकासारखंच, बिनरंगी. डोळ्याने फरक कळत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी दृष्टीच्या मज्जातंतूवर जातं. म्हणून पोटदुखीबरोबर धुरकट दिसायला लागलं की तासही न घालवता रुग्णालय गाठायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही. या विषावरच्या जुन्या उपचारांत डॉक्टर मोजून साधा मद्यार्कच देत, कारण यकृतातलं तेच विकर दोघांना लागतं आणि ते आधी साध्या मद्यार्काकडे वळतं. रुग्णालयाबाहेर हे कोणी करून पाहू नये. संग्रामपूरची माणसं गेली ती बहुतेक दीड-दोन दिवसांत. तिथली दारू प्लास्टिकच्या पिशवीतून विकली जायची, लेबल नसलेली. ४२.८ चा आकडा लिहायला तिच्यावर जागाच नव्हती.