कीबोर्ड हेही इतिहासाचं साधन

साधन म्हणजे फक्त कागद नव्हे. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम घ्या. ४० रबरी बटणं, खाली पातळ मेम्ब्रेन. ती जुनी झाली की तिची पट्टी तडकते. म्हणून हौशी मंडळी मेकॅनिकल स्विच लावून नवा कीबोर्ड बनवतात. जोडणी तशी सोपी: ८ ओळी, ५ स्तंभ. खरी गोम बटणांवरच्या छपाईत आहे. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटतो. एकेका अक्षराच्या बटणाला असे पाचेक अर्थ. नव्या बटणांवर नुसती अक्षरं ठेवली तर यंत्र चालेल, पण लोक त्यावर प्रोग्रॅम कसे लिहीत, याचा पुरावा मात्र पुसला जाईल. म्हणून आधी फोटो, मापं, नोंदी, मगच स्क्रू-ड्रायव्हर. आणि काढलेला जुना भाग टाकायचा नाही, बरं का!