मेजावरून मांडीवर

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या लहान कारखान्यांत विजेची मोटार घ्यावयाची झाली, म्हणजे तेथला जुना फिटर प्रथम तिचा रंग पाहत नाहीं, आणि तिच्यावरील कंपनीच्या नांवानेंही भुलत नाहीं. तो खालीं वांकतो व मोटारीच्या अंगावर ठोकलेली धातूची पट्टी वाचतो. अश्वशक्ति किती, मिनिटाला फेरे किती, वीज किती ओढणार, आणि ही मोटार दिवसभर अखंड चालण्यासाठीं केलेली आहे कीं मधून मधून विसांवा घेत चालण्यासाठीं. विसांवा घेणारी मोटार अखंड कामाला जुंपली तर ती तापते आणि अखेरीस जळते, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. परंतु याच फिटरच्या घरीं खेळासाठीं समर्थ असा लॅपटॉप घ्यावयाची वेळ आली, म्हणजे पट्टी वाचण्याची ही संवय बहुधा कारखान्यांतच राहून जाते. असें कां व्हावें, हें समजण्यास या यंत्राचा इतिहास थोडासा उलगडून पाहिला पाहिजे.

चिखली किंवा मोशीकडील एखादें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. वडील चाकणच्या कारखान्यांत पाळीनें काम करणारे. घरांत आठ-नऊ वर्षांपूर्वीं सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप. त्यावर मुलीनें शाळेचा अभ्यास केला आणि धाकट्या भावाबरोबर ती खेळही खेळली. आतां ती अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं परगांवीं वसतिगृहांत जाणार. डेस्कटॉप कांहीं ट्रंकेंत बसत नाहीं. यंत्रांचे आराखडे काढतां येतील आणि रात्रीं तासभर खेळही खेळतां येईल, असा लॅपटॉप तिला हवा आहे. दिवाळीच्या बोनसाला वर्षाची शिल्लक जोडून सत्तर हजारांच्या आसपास रक्कम उभी राहिली आहे. एवढ्या रकमेंत झालेली चूक अशा घरास चार-पांच वर्षें निस्तरावी लागते. खेळाच्या यंत्राचा प्रश्न म्हणून त्याकडे हंसून पाहण्याचें कारण नाहीं.

या भागांत यंत्रें नवीं नव्हतीं. संगणक मात्र फार उशिरां घरांत आला. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें व एकामागून एक वसाहती उभ्या राहिल्या. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली; पुढें १९९९ सालीं चाकणला बजाज ऑटोचा आणि २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. स्कूटर, मोटारी, डाय आणि जिग यांची भाषा येथें घरोघर बोलली जात होती. संगणक मात्र मोठ्या संस्थांच्या वातानुकूलित खोलींत बंदिस्त असे. १९८१ सालीं पुण्यांत सात अभियंत्यांनीं दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस ही कंपनी काढली, तेव्हां संगणकाचाच धंदा करणाऱ्या त्या कंपनीपाशीं स्वतःचा संगणक नव्हता! परदेशांतून यंत्र आणावयाचें तर सरकारी परवाना हवा, आणि त्यावर जबर जकात. १९८४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर करून ही गांठ थोडी सैल केली.

पुण्याच्या इतिहासांतील दुसरा प्रसंग या विषयाशीं अधिक जवळचा आहे. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यांत अडथळे आले, म्हणून १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन करण्यांत आली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक देशापुढें ठेविला. त्याची युक्ति मोठी मार्मिक होती. एकच अवाढव्य प्रोसेसर बनविण्याचें साधन हातीं नव्हतें. तेव्हां साधे, लहान प्रोसेसर शेजारीं शेजारीं बसवून काम त्यांत वांटून दिलें. त्या यंत्रांत असे ६४ प्रोसेसर होते. लग्नघरीं एका आचाऱ्यानें हजार पोळ्या लाटण्यापेक्षां चाळीस बायकांनीं पोळपाट घेऊन बसावें, तशांतला हा प्रकार.

आज खेळाच्या लॅपटॉपांत जें ग्राफिक्स कार्ड असतें, तें याच युक्तीवर चालतें. संगणकावरील खेळ तसे जुनेच. १९६२ सालीं अमेरिकेंतील एम्‌आय्‌टी या संस्थेंत ‘स्पेसवॉर’ हा खेळ पीडीपी-१ नांवाच्या यंत्रावर तयार झाला होता. परंतु १९९० नंतरच्या दशकांत खेळांतील चित्र खोलीचा आभास देऊं लागलें आणि एकट्या प्रोसेसरला तें पेलेनासें झालें. कारण साधें गणिताचें आहे. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळां चित्र बदलावयाचें, तर बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग प्रत्येक सेकंदास ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब बहुतांशीं स्वतंत्र. म्हणजे पुन्हां पोळ्यांचेंच काम! १९९९ सालीं एन्व्हिडिया कंपनीनें ‘जीफोर्स २५६’ हें कार्ड बाजारांत आणलें, व या कामासाठीं निराळ्या चिपेची प्रथा रूढ झाली. लॅपटॉपमधील ‘आरटीएक्स ४०६०’ या कार्डांत असे ३,०७२ लहान गणक एकाच वेळीं राबतात. ‘परम’च्या प्रोसेसराशीं त्यांची सरळ बरोबरी करतां येणार नाहीं, परंतु वाटणीची कल्पना तीच आहे. या करमणुकीस तुच्छ लेखणाऱ्यांनीं एवढेंही ध्यानांत ठेवावें, कीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणांतील खेळ पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें घडविला. खेळणाऱ्यांच्या मागून खेळ घडविणारेही या परिसरांत निपजले आहेत.

आतां मेजावरचें यंत्र मांडीवर कसें आलें, तें पाहावें. १९८१ सालीं अमेरिकेंत ‘ऑस्बोर्न १’ नांवाचा उचलून नेण्याजोगा संगणक विक्रीस आला. त्याचें वजन सुमारें ११ किलो, पडदा अवघा पांच इंची, आणि आंत बॅटरी नाहीं. हातांत धरण्याची मूठ होती, एवढ्याच अर्थानें तो प्रवासी! १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली, आणि पुढें लॅपटॉप खऱ्या अर्थानें हलका झाला. परंतु एक गोष्ट कोणत्याही शोधानें टळली नाहीं. संगणकांत शिरलेली वीज अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. डेस्कटॉपच्या पेटींत मोठे पंखे आणि भरपूर मोकळी जागा असते. तेथें उष्णतेस वाट सांपडते. लॅपटॉपांत तीच उष्णता दोन बोटें जाडीच्या डबींतून, करंगळीएवढ्या फटींतून बाहेर काढावयाची असते. म्हणून लॅपटॉपच्या कार्डास वीज कमी द्यावी लागते, आणि वीज कमी म्हणजे काम कमी.

येथें नांवाचा घोटाळा सुरू होतो. एन्व्हिडियानें २०१७ सालीं पातळ लॅपटॉपांसाठीं कमी विजेचीं कार्डें ‘मॅक्स-क्यू’ या जोडनांवानें आणलीं होतीं. म्हणजे नांवावरून निदान भेद कळत असे. २०२१ पासून हें जोडनांव कार्डावरून गेलें, आणि किती वॉट दिले आहेत हें लॅपटॉप बनविणाऱ्यानें आपल्या माहितीपत्रकांत लिहावें, अशी व्यवस्था आली. परिणामीं ‘आरटीएक्स ४०६०’ हें एकच नांव ३५ वॉटांपासून ११५ वॉटांपर्यंत कोणत्याही यंत्रावर असूं शकतें. डेस्कटॉपशीं तुलना केली तर अंतर याहूनही वाढतें. डेस्कटॉपच्या ‘आरटीएक्स ४०७०’मध्यें ५,८८८ गणक, १२ जीबी स्मृति आणि २०० वॉटांची शक्ति, लॅपटॉपच्या त्याच नांवांत ४,६०८ गणक, ८ जीबी स्मृति आणि फार तर ११५ वॉट. नांव एक, पट्टी निराळी. जुन्या डेस्कटॉपची संवय असलेला माणूस येथेंच फसतो. कारण डेस्कटॉपच्या जगांत नांव वाचलें म्हणजे बरेंचसें काम भागत होतें.

किंमतींचा इतिहासही थोडा सांगितला पाहिजे. १९९७ सालीं भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला, आणि २००५ पर्यंत संगणकांवरील मूळ आयात-जकात शून्यावर आली. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला. लॅपटॉपवर तो १८ टक्के लागला. २०२३ च्या ऑगस्टांत लॅपटॉपच्या आयातीवर सरकारनें निर्बंध जाहीर केले. नंतर त्यांस सौम्य रूप देऊन आयातीस आगाऊ अनुमति घेण्याची पद्धति सुरू केली. जकातीच्या या उतारामुळेंच असें यंत्र कारखान्यांतील कामगाराच्या आटोक्यांत आलें. परंतु स्वस्त लॅपटॉप बनविणाराही कोठें तरी काटकसर करणारच, आणि जाहिरातींतील मोठ्या अक्षरांत ती कधींच दिसत नाहीं. ती चार ठिकाणीं दडलेली असते: कार्डाच्या वॉटांत, उष्णता काढणाऱ्या पंख्यांत, पडद्याच्या फिकट रंगांत, आणि रॅमच्या मांडणींत.

म्हणून दुकानांत गेल्यावर प्रश्नांचा क्रम उलटा ठेवावा. चिंचवडच्या दुकानांतील संवाद असा कल्पितां येईल. मुलगी म्हणते, “बाबा, हें पाहा, याच किंमतींत याला ४०६० कार्ड आहे, त्याला नुसतें ४०५०.” वडील कारखान्यांतल्या संवयीनें विचारतात, “वॉट किती?” विक्रेता क्षणभर थांबतो व फोनवर कंपनीचें माहितीपत्रक काढतो. त्यांत ‘टीजीपी’ या अक्षरांपुढें आंकडा असतो. पहिल्यास ४५ निघतात, दुसऱ्यास ९५. अशा वेळीं लहान नांवाचें पण पुरती वीज मिळालेलें कार्ड मोठ्या नांवाच्या उपाशी कार्डाची बरोबरी करूं शकतें. अर्थात् वॉट वाढवावेत तितकें काम वाढतच जातें असेंही नाहीं. शंभराच्या आसपास पोंचल्यावर पुढील वाढीचा लाभ थोडा असतो.

त्यापुढचे प्रश्न असे. रॅम १६ जीबी आहे काय, आणि तिचे दोन तुकडे जोडीनें बसविलेले आहेत काय? एकच तुकडा असेल तर खेळ मंदावतो. मात्र दुसरी खांच मोकळी असल्यास तो नंतर बसवितां येतो. रॅम पाटीवरच डाकलेली असेल तर तो मार्ग बंद. पडदा प्रत्यक्ष दुकानांत लावून पाहावा. रंग फिके असतील तर आराखडे काढणाऱ्या डोळ्यांस रोज शीण होईल. आणि शेवटीं, यंत्र अर्धा तास सतत खेळविल्यावर त्याची गति कितपत टिकते, याची परीक्षा कोणी केलेली असल्यास ती अवश्य पाहावी. पहिल्या दोन मिनिटांची धांव म्हणजे विसांवा घेणारी मोटार होय.

लॅपटॉपच्या बॅटरीविषयींही भ्रम असूं नये. साठ वॉट-तासांची बॅटरी आणि शंभर वॉट खाणारा खेळ, असा हिशेब मांडला तर छत्तीस मिनिटें येतात. शिवाय बॅटरीवर असतां यंत्र आपली गति आपणच उतरवितें. खेळ म्हणजे भिंतीतील प्लग, हें धरूनच चालावें. मात्र या पट्ट्यांत गुरुवार म्हणजे कारखान्यांच्या सुटीचा आणि पुष्कळदां वीज-दुरुस्तीचाही वार. अभ्यास चालूं असतां वीज गेली, तर डेस्कटॉप तत्काळ मिटतो आणि लॅपटॉप लिहिलेलें सांभाळून ठेवतो, हा त्याचा खरा गुण आहे. धूळ हा येथला दुसरा शत्रु. चाकणच्या रस्त्यांची धूळ पंख्यांत साठली कीं उत्तम यंत्रही तापूं लागतें. म्हणून तें गादीवर ठेवूं नये आणि वर्षांतून एकदां उघडून साफ करून घ्यावें.

आणि जुन्या डेस्कटॉपचें काय? ज्याला घर सोडून जावयाचें नाहीं, त्यानें तो टाकून लॅपटॉप घेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. तितक्याच पैशांत डेस्कटॉपमध्यें नवें कार्ड, एसएसडी आणि रॅम बसविली तर काम अधिक निघतें, व एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो. लॅपटॉपांत कार्ड बहुधा पाटीशीं कायमचें जखडलेलें असतें. आज घेतलें तेंच शेवटपर्यंत.

कल्पिलेल्या त्या घरांत मुलीला जावयाचें आहे, म्हणून तेथें लॅपटॉपच घेतला जाईल. ९५ वॉटांचा, लहान नांवाचा. रॅमचा दुसरा तुकडा दोन महिन्यांनीं पगारांतून येईल. जुना डेस्कटॉप धाकट्या भावाच्या वांट्यास राहील, आणि सुटींत बहीण घरीं आली म्हणजे त्याचाच मोठा पडदा एका केबलीनें तिच्या लॅपटॉपला जोडला जाईल. दुकानांतून निघतांना वडील खोक्यावरील बारीक अक्षरांतला मजकूर पुन्हां एकदां वाचतील, आणि मगच पैसे मोजतील.