हिरव्या रेषेचे मूलद्रव्य

‘आदित्य-एल१’ या भारतीय यानावर बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने बांधलेला प्रभामंडलदर्शक आहे. सूर्याच्या प्रभामंडलातील ५३०.३ नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी वर्णरेषा टिपणे हे त्याचे एक काम. ही रेषा एकेकाळी पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची मानली जात होती; ‘कोरोनियम’ असे त्याचे बारसेही झाले होते.

तसे मानणारे शास्त्रज्ञ भोळे नव्हते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरला जान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन अशा अनेकांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट तपासला. काहींनी त्यात एक पिवळी रेषा नोंदवली. ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती पाहिली आणि ती सोडियमच्या रेषांशी जुळत नसल्याचे दाखवले. (लॉकियर यांनी हा शोध विजयदुर्गावर लावला, असे मराठीत वारंवार छापले जाते. ते खरे नाही. ते त्या किल्ल्यावर आले १८९८ च्या ग्रहणासाठी.) पुढे १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत नेमकी तीच रेषा सापडली. हेलियम खरा ठरला.

मग इतर अनोळखी रेषांवरही विश्वास बसणे स्वाभाविक होते. १८६९ च्या अमेरिकेतील ग्रहणात दिसलेली हिरवी रेषा कोरोनियमची ठरवली गेली, तेजोमेघांतील हिरव्या रेषा ‘नेब्युलियम’च्या. उतारवयात मेंडेलिएव्ह यांनीही कोरोनियमला हायड्रोजनहून हलक्या मूलद्रव्याची जागा देऊ पाहिली. परंतु १९१३ मध्ये मोझली यांनी मूलद्रव्यांचा क्रम अणुकेंद्रावरील प्रभाराने ठरतो हे क्ष-किरणांच्या मोजमापाने दाखवले. हा क्रमांक पूर्णांकच असतो. एक आणि दोन यांच्या मध्ये, किंवा एकाच्या आधी, कोणालाच जागा उरली नाही.

रेषा मात्र खऱ्या होत्या.

त्या उकलण्याचा मार्ग १९२० मध्ये मेघनाद साहा यांच्या आयनीभवनाच्या समीकरणाने मोकळा केला. अतितप्त, विरळ वायूत अणू इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्याचा वर्णपट ओळखू येऊ नये इतका बदलतो. १९२७ मध्ये बोवेन यांनी नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन असल्याचे सिद्ध केले. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एड्लेन यांच्या कामातून कोरोनियमचेही खरे रूप उघड झाले: तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड! इतके इलेक्ट्रॉन निघण्यासाठी प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक हवे. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा असताना ते येते कोठून, हे कोडे पूर्ण सुटलेले नाही. ‘आदित्य’ त्याच हिरव्या रेषेकडे पाहतो तो यासाठी.

तेव्हा विश्वात अन्यत्र अज्ञात मूलद्रव्य असलेच, तर ते ११८ व्या क्रमांकाच्या पलीकडचे असेल. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत अशी अणुकेंद्रे क्षणभर घडत असतील ही शक्यता नाकारता येत नाही. मात्र टिकून राहून स्वतःची रेषा उमटवण्याइतके आयुष्य त्यांना लाभते का, हा खरा प्रश्न आहे. २०१७ मध्ये अशी एक टक्कर दुर्बिणींनी टिपली. २०१९ मध्ये तिच्या प्रकाशात जे जड मूलद्रव्य ओळखता आले ते होते स्ट्रॉन्शियम, दिवाळीच्या फटाक्यांना तांबडा रंग देणारे.