स्मरण रविवार

स्मरण रविवार : युद्धात लढलेल्या व मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ब्रिटनमध्ये नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी पाळला जाणारा दिवस. पहिल्या महायुद्धातील युद्धविराम ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता अंमलात आला. पुढच्या वर्षापासून त्या घटकेला दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाऊ लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्य सोहळा रविवारी आला. तो रविवारच्या उपासनेशी जोडला गेल्याने एक जुना पेच दरसाल नव्याने उभा राहतो : शत्रूवरही प्रीती करावी, असे शिकवणाऱ्या येशूच्या वेदीपुढे शस्त्र उचललेल्यांचा सन्मान कसा करावा? या दिवसाचा इतिहास पाहता असे दिसते की, सन्मानात शोकाला आणि पश्चात्तापाला जागा असेल, तोवर तो शांततेच्या आशेला बाधत नाही. विजयोत्सवाने ती जागा घेतली की मात्र बाधतो.

या पेचाची दोन्ही टोके ख्रिस्ती परंपरेतच आहेत. लूककृत शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान सैनिकांना चाकरी सोडायला सांगत नाही. लोकांना नाडून पैसा उकळू नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगतो. उलट २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील मॅक्सिमिलियन या तरुणाने ख्रिस्ती असल्याचे कारण देऊन रोमन सैन्यात जाण्यास नकार दिला आणि मृत्युदंड पत्करला. चर्च त्याला हुतात्मा मानते. मध्ययुगातील एक दाखला अधिक बोलका आहे. १०६६ च्या इंग्लंडमधील हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन ड्यूक विल्यमच्या मोहिमेला पोपचा पाठिंबा होता. तरीही जिंकून आलेल्या नॉर्मन योद्ध्यांना चर्चने मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्षाचे प्रायश्चित्त सांगितले. युद्ध न्याय्य ठरले, तरी हत्येचा भार उरतोच, ही जाणीव त्यामागे होती.

शांततावाद्यांचा आक्षेप असा की, असे सोहळे युद्धाला पावित्र्य देतात. १९२१ पासून माजी सैनिकांच्या मदतीसाठी विकल्या जाणाऱ्या लाल पॉपीच्या फुलाला पर्याय म्हणून १९३३ मध्ये सहकारी महिला संघटनेने पांढरे पॉपी आणले, ते याच भावनेतून. आक्षेपात तथ्य आहे. युद्ध दफनभूमींत उभ्या केलेल्या दगडी क्रूसावर पाते खाली केलेली कांस्य तलवार बसवलेली असते. तिच्यात त्याग जितका दिसतो, तितकीच धर्मयुद्धाची आठवणही. पण त्याच दफनभूमींत, पुण्याजवळच्या खडकीतही, सेनापती आणि शिपाई यांच्या शिळा एकाच मापाच्या असतात. हुद्दा, वंश व धर्म यांवरून मृतांत भेद करायचा नाही, हे या दफनभूमी सांभाळणाऱ्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व. ते सर्वत्र पाळले गेले नाही : पहिल्या महायुद्धातील किमान १ लाख १६ हजार मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी व इजिप्शियन माणसांची, नावानिशी नोंद झाली नसल्याचे २०२१ च्या अहवालात मान्य करण्यात आले. यातून स्मरण सोडून द्यावे, असे निघत नाही. ते अपुरे होते, असे निघते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : शत्रूसाठी प्रार्थना म्हणजे आपल्या जवानांचा अवमान. फॉकलंड युद्धात ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक मरण पावले. २६ जुलै १९८२ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये झालेल्या उपासनेत कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी दोन्हीकडच्या शोकाकुल कुटुंबांची आठवण ठेवली, तेव्हा सत्ताधारी पक्षातील काहींना ते रुचले नाही. पण रन्सी स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात लढले होते आणि शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. सैनिकाच्या मानाची त्यांना पर्वा नव्हती, असे म्हणता येत नाही. त्यांच्या आधीच्या धर्मगुरूंतही हेच दिसते. ज्या अनामिक योद्ध्याचे, म्हणजे ओळख न पटलेल्या सैनिकाचे, ११ नोव्हेंबर १९२० रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, त्याची कल्पना डेव्हिड रेल्टन या आघाडीवरच्या लष्करी धर्मगुरूची. १९३४ मध्ये युद्धाचा त्याग करण्याची प्रतिज्ञा घ्या, अशी हाक देणारे धर्मगुरू डिक शेपर्ड यांनीही लष्करी रुग्णालयात सेवा केलेली होती. या तिघांचे मार्ग वेगळे होते. शेपर्ड यांचा पूर्ण शांततावाद रन्सींनी स्वीकारला नाही. तरी युद्ध जवळून पाहिलेल्यांनीच विजयाच्या जयघोषाला आवर घातला, हे तिघांतही समान आहे. म्हणून माजी सैनिकाचा सन्मान करणे म्हणजे त्याच्या शौर्याबरोबर त्याने युद्धाविषयी दिलेली साक्षही मानणे होय.