स्टेशनाला लागून असलेला वाडा

आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, विन्स्लो नावाच्या छोट्या गावी नेणार आहोत. तिथे रेल्वे स्टेशनाला लागूनच ‘ला पोसाडा’ हे हॉटेल आहे. रेल्वेचं हे हॉटेल बंद पडलं, त्याची कचेरी झाली आणि पुन्हा हॉटेल झालं. ही गोष्ट आम्ही निवडली, कारण तिच्यात पदोपदी बायकांचे कष्ट आहेत.

दीडशे वर्षांपूर्वी तिकडच्या बहुतेक गाड्यांत जेवणाची सोय नसे. गाडी स्टेशनात थोडा वेळ थांबायची, तेवढ्यात मिळेल ते पोटात ढकलायचं. फ्रेड हार्वे या माणसाने १८७६ साली टोपेका स्टेशनात चांगली खानावळ काढली. मग सांता फे रेल्वेच्या मार्गावर त्याच्या अनेक खानावळी झाल्या. १८८३ पासून तिथे वाढायला मुली घेऊ लागले. वय १८ ते ३०, लग्न न झालेल्या. काळा झगा, वर पांढरा एप्रन. किती माणसं जेवणार ते तारेने आधीच कळायचं, म्हणजे गाडी येईपर्यंत तयारी झालेली असायची.

सुरुवातीचा पगार महिन्याला साडेसतरा डॉलर, शिवाय बक्षिसी. राहणं-जेवण फुकट. नियम कडक, रात्री ठरल्या वेळी खोलीवर परतायचं, देखरेखीला एक वडीलधारी बाई. तरी हजारो मुली घर सोडून गेल्या. स्वतःच्या कमाईचा पैसा हातात येणं काय असतं, ते बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको. मात्र हे काम बहुतेक करून गोऱ्या मुलींनाच मिळे, हेही सांगायला हवं.

ला पोसाडाचा आराखडा मेरी कोल्टर या बाईंचा. बांधकामाचे आराखडे हे पुरुषांचंच काम समजलं जाई, त्या काळात त्यांनी हार्वे कंपनीसाठी अनेक इमारती उभ्या केल्या. एखाद्या जुन्या स्पॅनिश जमीनदाराचा वाडा त्यांनी डोळ्यांपुढे आणला. बाग, खुर्च्या-टेबलं, सगळं त्याला शोभेलसं ठरवलं. १९३० साली हॉटेल उघडलं, पण नेमकी मंदी आली. पुढे लोक मोटारीने आणि विमानाने जाऊ लागले. १९५७ साली हॉटेल बंद झालं. आतलं सामान लिलावात गेलं. पुढच्याच वर्षी कोल्टरबाई वारल्या.

रेल्वेने आत आडभिंती घालून कचेऱ्या थाटल्या. पुढे रेल्वेलाही इमारत नकोशी झाली, ती पाडली जाईल अशी भीती होती. तेव्हा गावातल्या काही स्वयंसेवकांनी तिथली बाग जगवली आणि इमारत वाचवायची खटपट केली. १९९७ साली एका जोडप्याने ती विकत घेतली आणि थोड्या थोड्या खोल्या दुरुस्त करत हॉटेल पुन्हा सुरू केलं. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारी गाडी आजही तिथे थांबते.

इमारत वाचली, कोल्टरबाईंचं नावही राहिलं. पण तसल्या खानावळींत वाढणाऱ्या हजारो मुलींपैकी मोजक्याच जणींची नावं आपल्यापर्यंत येतात.

मैत्रिणींनो, तुमच्या भागातही जुनं स्टेशन, धर्मशाळा किंवा चावडी असेल. ती कोणी बांधली ते पाटीवर लिहिलेलं असतं. तिथे पाणी कोण भरायचं, झाडलोट कोण करायचं, स्वयंपाक कोणाच्या हातचा, ते गावातल्या म्हाताऱ्या आजींना विचारा. आणि गटाच्या वहीत एक पान त्या नावांसाठी ठेवा.