आजोबांचा टाटा-मर्सिडीज

गावी आजोबांचा १९६२चा टाटा-मर्सिडीज ट्रक अजून उभा आहे. चुलतभाऊ म्हणतो, अलॉय व्हील्स लावू, नवी केबिन बसवू. मी म्हटलं, नको रे बाबा, ओरिजिनल ठेव!

पण ओरिजिनल म्हणजे नेमकं काय? १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला, जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार १९६९ला संपला, तोवर समोर तीन टोकांचा तारा असायचा. गिऱ्हाइकाला बहुधा बॉनेटसकट नुसती चासीच मिळायची. लाकडी केबिन आणि हौदा इथले सुतार-मिस्त्री बांधायचे. म्हणजे कस्टमायझेशन पहिल्या दिवसापासूनचंच की!

तरीही ती सागवानी केबिन काढू नये, असंच मला वाटतं. ती बांधणारा सुतार गेला, त्याच्या हातचं आता गावात एवढंच उरलंय. इंजिन मात्र खुशाल बदल म्हणालो. ते आजोबांनीच दोनदा बदललं होतं.