माळवद, स्लॅब आणि साठवलेले ऊन

काँक्रीटच्या जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या पुरून घर उबदार ठेवण्याची पद्धत थंड मुलुखांत रूढ आहे. मराठवाड्यातील वाचकाला हा विषय अगदीच परका वाटेल. आमच्यापैकी एक नांदेडात राहतो, दुसरा लातुरात. मे महिन्यात रात्री अकरा वाजता गच्चीवर अनवाणी उभे राहिले की ही पद्धत आपल्याला फुकटात आणि नको असताना मिळालेली आहे, हे दोघांच्याही तळपायांना कळते.

कल्पना जुनी आहे. रोमन स्नानगृहांत फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे आणि तिच्याखालून भट्टीची गरम हवा खेळत असे. कोरियातील 'ओंडोल' पद्धतीत चुलीची झळ दगडी फरशीखालच्या वाटांनी फिरवून मग धुराड्याने बाहेर सोडत. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९१० च्या दशकात टोकियोत बॅरन ओकुरा यांच्या घरी अशी 'कोरियन खोली' अनुभवली. १९३७ साली मॅडिसन येथे जेकब्स कुटुंबासाठी बांधलेल्या घरात त्यांनी जमिनीच्या स्लॅबखाली नळ्या घातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये हजारो घरांच्या स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्या गाडल्या गेल्या. पुढे त्या गळू लागल्या, तेव्हा जमीन फोडण्यावाचून इलाज उरला नाही. आता प्लॅस्टिकच्या नळ्या असतात. त्या सळयांच्या जाळीला बांधतात, दाब देऊन गळती तपासतात आणि दाब कायम ठेवूनच वर काँक्रीट ओततात.

या साऱ्या खटाटोपात आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नळ्यांच्याही खालचा, उष्णता अडवणारा थर. काँक्रीट उष्णता साठवते आणि सावकाश परत करते, पण ती कोणत्या दिशेला द्यावी हे त्याला कळत नाही. ते ठरवतो हा थर. तो नसेल तर ऊब खाली मातीत मुरते.

आता आपल्या छताकडे पाहू. मराठवाड्यातील माळवद म्हणजे लाकडी खांब, तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळकुटे आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती कित्येक घरांवर दीड-दोन फुटांपर्यंत असे. दुपारचे ऊन तिच्यातून खाली पोहोचण्याआधीच मावळून जाई. याउलट चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून ते संध्याकाळीच आत उतरते आणि निजानीज होईपर्यंत छत तापलेल्या तव्यासारखे वरून झळ देत राहते. आपल्याकडील बांधकामशास्त्राच्या कोष्टकांनुसार सळईयुक्त काँक्रीट छतावरच्या मातीच्या थरापेक्षा सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेते.

मग माळवद सोडले का? येथे शहरी स्मरणरंजन थांबले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकत जावी, तशी ओझ्याची भर पडत गेली होती. भिंती मातीत रचलेल्या गोलसर दगडांच्या, आतले व बाहेरचे तोंड एकमेकांशी न बांधलेल्या. त्या फुटून सुट्या झाल्या. जेथे माळवदाचा भार पक्क्या सांध्यांच्या लाकडी खांबांवर होता, ती घरे तुलनेने टिकली. हा तपशील अभियंत्यांनी नोंदवला आहे. लोकांच्या स्मरणात मात्र माती तेवढी राहिली.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. इतर गावांत भिंतीत जोडदगड बसवणे, छतावरची माती कमी करणे, सांध्यांना तिरपे आधार देणे असे दुरुस्तीचे उपाय सुचवले गेले. परंतु अनुदान हाती येताच बहुतेकांनी शेजारी स्लॅबची एक खोली उभी केली. तज्ज्ञांना याचा खेद वाटला असेल. आम्हाला त्यात अडाणीपणा दिसत नाही.

किल्लारीजवळच्या एका नव्या वसाहतीत, अंगणातल्या पत्र्याच्या मांडवाखाली बाज टाकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही मोठ्या विद्वत्तेने विचारले होते, 'बाबा, माळवद गार नव्हतं का?' ते म्हणाले, 'गार तर व्हतंच. पण उकाड्यानं झोप जाती सर, जीव नाही जात.' या उत्तरापुढे आमची कोष्टके फिकी पडली. तरीही, हल्लीच्या उन्हाळ्यांत उकाड्यानेही जीव जातो, हे त्यांना तेव्हा सांगायला हवे होते असे आता वाटते.

माळवद आणि उघडा स्लॅब यांच्या मधली वाट गवंड्यांना ठाऊक होती. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरा चुना, एवढाच थर. थंड देशांत तो काँक्रीटच्या खाली घालतात, आपण वर घालायचा. खर्च वाचवताना सर्वांत आधी वगळला गेला तो हाच. नांदेडच्या आमच्या घरावर तो नव्हता. गेल्या चैत्रात दोन दिवस घालवून चुना तेवढा दिला आहे. कोबा राहिला आहे, कारण घरमालक म्हणतात की वजन वाढेल.